शेपटीचा गुण्या

विमान पंखांवर उडतं हे सगळ्यांना दिसतं. ते शेपटीमुळे सरळ जातं, हे मात्र वाकडं जायला लागल्यावरच कळतं.

नवव्या शतकात कोर्दोबात अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. अंगाला पिसं आणि पंख लावून त्यांनी उंचावरून झेप घेतली, असं सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी लिहितो. ते बरंच अंतर गेले, पण उतरताना पाठीला जबर मार बसला. मक्करीने कारणही दिलंय : पक्षी उतरताना शेपटीच्या बुडावर येतो, आणि इब्न फिरनास यांनी शेपटी लावलीच नव्हती. आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. आपण मुलांना त्यांच्या पंखांची गोष्ट अभिमानाने सांगतो, शेपटीची सांगत नाही.

मला ती आठवली भाच्यामुळे. तो नववीत आहे. पंढरपुरात त्याच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे. दोन वर्षांची ईदी साठवून त्याने रिमोटवर उडणारं फोमचं विमान मागवलं. नवशिक्यांचं, पण शेपटी आपणच चिकटवायची. वारी नसते तेव्हा वाखरीचा पालखीतळ मोकळा असतो, तिथे तो उडवायला गेला. हातातून सुटलं की विमान उजवीकडे झुकायचं आणि गिरकी घेऊन जमिनीत घुसायचं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, "तू आपला पंक्चर काढ." हे वाक्य आपल्यातल्या किती मुलांनी ऐकलंय, ते सांगायला नको. भाच्याने विमान पिशवीत घातलं आणि आईला म्हणाला, विकून टाक.

मी दुकानात गेलो तेव्हा रिमोटवरचं रडरचं ट्रिम त्याने पार डावीकडे नेऊन ठेवलं होतं. ट्रिम म्हणजे बारीक दुरुस्तीचं बटण. ते टोकाला गेलं की रडरला त्या बाजूला वळायला जागा कमी उरू शकते. शिवाय मोटरचा जोर कमी-जास्त केला की कल पुन्हा बदलतो. मेव्हणे ट्यूब पाण्यात बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "नुसती हवा भरत बसलाय. आधी भोक शोधा."

मग शोधलं. आधी बॅटरी मागेपुढे करून तोल बघितला, तो बरोबर होता. विमानाच्या मागच्या टोकाच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा धरला. अंतर सारखं, म्हणजे पंख नीट बसले होते. मग पंखाच्या टोकापासून त्याच बाजूच्या आडव्या शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं. इथे एका बाजूला आठ मिलिमीटर जास्त! मागून पाहिलं तर आडवी शेपटी पंखांना समांतरही नव्हती. शेजारच्या सुताराकडून गुण्या आणून लावला. उभी शेपटीही काटकोनात नव्हती.

कारण एवढंसं होतं : खाचेत वाळलेल्या गोंदाचा थेंब. शेपटी सोडवली, खाच पॉलिश पेपरने घासली, दोरा आणि गुण्या लावूनच पुन्हा बसवली. गोंद फोमला चालणारा घेतला, कारण साधा झटपट गोंद काही फोम विरघळवतो. रात्रभर हलवली नाही. सकाळी ट्रिम शून्यावर आणलं, सर्व्होचा दांडा काटकोनात ठेवला आणि तारेच्या टोकाचे आटे फिरवून रडर मध्यावर आणला.

भाचा म्हणाला, "मामू, हे तर अब्बांच्या कामासारखंच आहे." मेव्हणे काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी शटर तासभर आधी खाली आलं.

वाखरीला मोटर बंद ठेवून आधी गवतावर नुसतं सोडून पाहिलं. विमान सरळ गेलं, अलगद टेकलं. मग मोटर लावली. ट्रिमच्या दोनच टिचक्या लागल्या. हसणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता. विमान सहा मिनिटं वर होतं आणि मेव्हणे डोळ्यांवर हात धरून उभे होते.

उतरल्यावर भाच्याने ते लगेच पिशवीत घातलं नाही. खिशातून दोरा काढला आणि दोन्ही बाजू पुन्हा मोजल्या.