आपल्या घराविषयी चार ओळी

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. टोमॅटोला ही म्हण फारशी लागू पडत नाही. नारायणगावच्या बाजारात व्यापारी फळ हातात घेतो, दाबून बघतो आणि मग भाव करतो. पण शेतावर मुक्कामाला पाहुणे बोलवायचे म्हटले की गोष्ट उलटी होते. पाहुणा माल बघतच नाही. तो पुण्या-मुंबईत बसून मोबाईलवर चार ओळी वाचतो, दोन फोटो बघतो आणि तेवढ्यावर यायचे ठरवतो.

आमचा जुन्नर तालुका. राज्य सरकारने २०१८ साली त्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. पुढे २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आले. त्यानंतर आम्हीही ऊस-टोमॅटोच्या जोडीला मळ्यात तीन खोल्या बांधल्या. कर्ज काढून बांधल्या, त्यामुळे त्या रिकाम्या ठेवणे परवडणारे नव्हते. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद फुकट करता येते. तिथे वर्णनासाठी ७५० अक्षरे मिळतात. ही अक्षरे कशी भरायची, हा आमच्या घरातला मोठा प्रश्न होऊन बसला.

तालुक्याच्या गावी असले मजकूर लिहून देणारा एक मुलगा आहे. त्याने झटक्यात लिहून दिले, ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले, मन मोहून टाकणारे, स्वर्गाहून सुंदर ठिकाण.’ सूनबाईने ते आत्याबाईंना वाचून दाखवले. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्या ऐकून म्हणाल्या, “हे कुणाच्याबी रानाला चालंल. आपल्या हिरीचं यात काय हाय?”

त्यांचे बोलणे मला पटले. मग मी आणि सूनबाई वही घेऊन बसलो आणि आपल्याकडे काय आहे ते एकेक मांडत गेलो. वावरातली विहीर, तिच्यावरचे आंब्याचे झाड, दोन गाई, चुलीवरची बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे. ही आमची रोजची भाकरी, तिचे काय कौतुक, असे मला वाटत होते. पण शहरातल्या माणसाला तेच हवे असते. ‘अस्सल ग्रामीण भोजन’ म्हणण्यापेक्षा ‘चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी’ म्हटले की वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते.

आसपासच्या ठिकाणांचेही तसेच. शिवाजी महाराजांचे जन्मस्थान शिवनेरी सर्वांनाच ठाऊक असते. पण अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर हे दोन्ही गणपती आमच्याच तालुक्यात आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्यांना हे आधी कळायला हवे. नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा शिलालेख आहे. खोडदला आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या प्रचंड दुर्बिणी आहेत. अशा एकूण तीस थाळ्या, एकेक पंचेचाळीस मीटर रुंदीची. शाळकरी मुले असलेल्या घराला ही एक ओळ पुरेशी होते.

अंतर मात्र आम्ही किलोमीटरात न लिहिता वेळेत लिहिले. पुण्याहून निघालेला माणूस चाकणच्या गर्दीत किती अडकेल, हे किलोमीटर सांगत नाहीत. ‘शनिवारी सकाळी सातच्या आत निघावे’ असे लिहिले की पाहुणा वेळेवर पोचतो आणि भाकरीही गरम मिळते.

वर्णन उघडले की आधी सुरुवातीच्याच ओळी दिसतात. म्हणून खोल्या किती, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की बाहेर, जेवण घरचे आहे की नाही, हे आम्ही अगदी वर घेतले. बायका आधी संडासाचेच विचारतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. वीज जाते, मोबाईलला ओसरीवरच रेंज येते, हेही लिहिले. दर मात्र वर्णनात घालू नयेत असा गूगलचा दंडक आहे, ते फोनवर सांगायचे.

इथवर घरात सगळ्यांचे एकमत होते. अडले ते बिबट्यापाशी.

जुन्नरच्या उसात बिबटे राहतात. तिथेच त्यांची पिले वाढतात. ऊसतोडीच्या वेळी पाचटात पिले सापडल्याचे आपण ऐकतोच. माणिकडोहला तर वन खात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. आम्हाला याची सवय आहे, शहरातल्या माणसाला नाही. आमचे हे म्हणाले, “हे लिहिलंस तर कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. हप्ता कोण भरणार?” त्यांचेही खोटे नव्हते. बँक काही बिबट्याकडे वसुलीला जात नाही!

सूनबाई हळूच म्हणाली, “आई, त्यांची लेकरं रात्री अंगणात पळतील तेव्हा आपण काय करायचं? तेव्हा सांगायचं का?”

तिच्या या बोलण्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी आम्ही लिहिले, ‘या भागात बिबट्याचा वावर आहे. दिवस मावळल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये. खोल्यांभोवती तारेचे कुंपण व रात्रभर दिवा आहे. अंधारात वावरात जाऊ नये.’ नुसते लिहून भागणार नव्हते. कुंपणाचा आणि दिव्यांचा खर्च आधी केला, ओळ नंतर लिहिली.

पहिल्याच महिन्यात दोन कुटुंबांनी येणे रद्द केले. यांनी काही बोलून दाखवले नाही, पण मला कळत होते. नंतर एका बाईंचा फोन आला. त्यांची दोन मुले लहान होती. कुंपण किती उंच आहे, संडासाला बाहेर जावे लागते का, असे सगळे त्यांनी खोदून विचारले आणि त्या आल्या. संध्याकाळी दिवा लागला की मुलांना त्या स्वतःच आत घेत, आम्हाला टोकावे लागले नाही. पुढे त्यांच्या ओळखीची आणखी दोन घरे येऊन गेली. खोल्या रोज भरतात असे मी म्हणणार नाही. परंतु आलेला पाहुणा ‘हे आधी का नाही सांगितलं?’ असे म्हणून तोंड फिरवून गेला, असे अजून झालेले नाही.

ज्या भगिनी असा उद्योग करू पाहत असतील त्यांनी मजकूर आधी आपल्या बोलीत, कागदावर लिहावा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तो वाचून दाखवावा आणि मग गावाबाहेरच्या एखाद्याला. घरच्याला खोटे कळते आणि बाहेरच्याला राहून गेलेले कळते. वर्षातून तीनदा तो बदलावा. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांची ओळ हवी, थंडीत शेकोटीची. उन्हाळ्यात विहिरीला पोहण्याइतके पाणी उरले नसेल, तर विहिरीची ओळ पाऊस पडेपर्यंत काढून ठेवावी.