लिंबायतची मराठी शाळा

नंदुरबारकडची गाडी उधन्यास थांबते, बोचकी सांभाळीत खानदेशची कुटुंबे उतरतात. लिंबायत तेथून जवळच. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालविते. प्रवेशाच्या दिवशी मी तेथील मराठी शाळेत बसलो होतो. मातृभाषा विचारताच एक यंत्रमाग कामगार क्षणभर थांबला, मग म्हणाला, ‘मराठी.’ गावी तो स्वतःस खानदेशी म्हणवीत असे; मराठी झाला तो सुरतेत, मुलाचे नाव घालताना! २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत इयत्ता १ ते ८ साठी गुजराती सक्तीची झाली. येथली मुले ती गल्लीतच शिकतात. अडते ते निराळेच. आईचे अहिराणी ‘काय करी ऱ्हायना’ मुलाने वहीत लिहिले, की आम्ही मास्तरच त्याखाली तांबडी रेघ ओढतो.