पोलिसांचे तारे आणि आमालनामा

गुन्हेगारीवरच्या व्हिडिओ गेमविषयी आपल्या घरांत दोन प्रकारची माणसे बोलतात. ज्यांनी हे खेळ कधी हातात धरले नाहीत, त्यांना मुलांच्या प्रत्येक बिघाडाचे मूळ तिथेच दिसते. आणि जे दिवसभर खेळतात ते म्हणतात, 'अहो, खेळच आहे तो.' मी या दोघांच्या मधला आहे. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, घरी नववीतला मुलगा आहे, आणि हे खेळ मी स्वतः पुष्कळ खेळलो आहे.

'ग्रँड थेफ्ट ऑटो', म्हणजे पोरांच्या तोंडी 'जीटीए', या मालिकेतला 'व्हाइस सिटी' 2002 साली आला आणि पुढच्या वर्षी संगणकावर मिळू लागला. तेव्हा मी बी.एड. करत होतो. आम्ही तिघे-चौघे मित्र वर्गणी काढून सायबर कॅफेत एक तास घ्यायचो. एकाने खेळायचे, बाकीच्यांनी मागे उभे राहून सूचना द्यायच्या. खेळातले शहर अमेरिकेतल्या मायामीवरून घेतलेले, काळ 1986 चा. नायक टॉमी पंधरा वर्षांची कैद भोगून सुटलेला. समुद्रकिनारा, ताडाची झाडे, संध्याकाळचा गुलाबी उजेड आणि गाडीत लागणारा रेडिओ. ज्याने परभणीबाहेर फारसे काही पाहिले नव्हते, त्याला एका अख्ख्या शहरात वाटेल तिकडे फिरता येणे हीच मोठी मौज होती. मुले या खेळांकडे का ओढली जातात, हे म्हणून मला समजते. रक्त पाहायला फार थोडी मुले जातात. बहुतेकांना हवे असते ते मोकळे फिरणे, जिथे कुणी 'कुठे चाललास?' असे विचारत नाही.

या शहराचा कायदा मात्र नीट पाहण्यासारखा आहे. गुन्हा केला की पडद्याच्या कोपऱ्यात तारा उजळतो. एक तारा म्हणजे एखादा शिपाई मागे लागतो, सहा तारे म्हणजे थेट लष्कराचे रणगाडे. पण हे तारे पुसायच्या वाटाही आहेत. एकच तारा असेल तर थोडा वेळ नजरेआड राहिले तरी पुरते. रस्त्यात पडलेले लाचेचे चिन्ह उचलले की एक तारा कमी होतो. गॅरेजमध्ये थोडे पैसे देऊन गाडीचा रंग बदलला, तर तारे काही क्षण लुकलुकतात आणि विझतात. आणि यातले काही जमले नाही तर कळफलकावर एक परवलीचा शब्द टाइप करायचा: 'लीव्ह मी अलोन'. मला एकटे सोडा! लगेच पोलीस मागे फिरतात. त्या काळी असे शब्द पोरांच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर लिहिलेले असत. पाठ्यपुस्तकातली कविता पाठ नसे, हे मात्र तोंडपाठ.

खेळात मेलेल्या माणसांचे काय होते, तेही पाहा. गाडीखाली एखादा आला तर कधी कधी अँब्युलन्स येते, त्याला उठवते, आणि तो काही झालेच नाही अशा थाटात चालू लागतो. एरवी तुम्ही दोन गल्ल्या फिरून परत या, तिथे कुणीच नसते. यामागे साधे तांत्रिक कारण आहे. हा खेळ आधी ज्या यंत्रासाठी बनवला, त्या प्लेस्टेशन 2 ची काम करण्याची स्मृती अवघी 32 एमबी होती. आज मोबाइलवर काढलेले दहा-बारा फोटोही तेवढ्या जागेत मावायचे नाहीत. म्हणून खेळाडूच्या आसपास तेवढीच माणसे आणि गाड्या तयार होतात, आणि तो दूर गेला की पुसल्या जातात. कुणाच्याही हातून काहीही घडो, ते लक्षात ठेवायला त्या शहराकडे जागाच नाही.

मागे एका सुटीत माझा मुलगा त्याच्या चुलतभावाच्या लॅपटॉपवर हाच खेळ खेळत बसला होता. अम्मी तसबीह घेऊन शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर एक बाई गाडीखाली आली, पोराने गाडी पुढे दामटली. अम्मींनी विचारले, "उस औरत के घर किसीने खबर दी क्या रे?" दोन्ही मुले खो-खो हसली. "दादी, तिला घर नाही, ती कॉम्प्युटरमधली आहे." अम्मी म्हणाल्या, "अच्छा," आणि पुन्हा तसबीह फिरवू लागल्या. मला मात्र त्यांचा प्रश्न बरोबर वाटला. या सगळ्या खेळावर इतका नेमका प्रश्न मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

सगळेच गुन्हेगारी खेळ असे विसरभोळे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्याच 2002 साली झेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीने 'माफिया' नावाचा खेळ आणला. काळ 1930 च्या दशकातला, नायक अमेरिकेतला एक टॅक्सीवाला. नाइलाजाने टोळीत शिरतो, हळूहळू रुळतो. या खेळात पोलिसांदेखत सिग्नल तोडला किंवा वेगाची मर्यादा ओलांडली तरी दंडाची पावती फाटते. टोळीने ठार मारायला सांगितलेल्या एका मुलीला तो दया येऊन सोडून देतो. त्याची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते. अखेर तो पोलिसांना सारे सांगतो, शिक्षा भोगतो, नाव बदलून शांत जगू लागतो. वर्षे जातात. एक दिवस तो अंगणात पाणी घालत असताना दोन माणसे येतात आणि जुना हिशेब चुकता करतात. तो शेवट पाहून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. इथे कुणीतरी सगळे लक्षात ठेवले होते.

जीटीएलाही गोष्ट आहे. 2004 च्या 'सॅन अँड्रियास'मधला सीजे घरी परततो तो आईच्या मृत्यूची बातमी ऐकून. रेडिओवरच्या खोट्या जाहिराती अमेरिकेच्या पैशाच्या हावेची टिंगल करतात, आणि हे सारे रचणारी मंडळी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोची. पण आमची मुले गोष्ट ऐकतच नाहीत. संवाद इंग्रजीत, तोही भरभर. बटण दाबून तो वगळायचा आणि थेट बंदूक घ्यायची. मी वर्गात सहज विचारले, "सीजे घरी का परत आला?" कोणती गाडी कुठे मिळते हे अर्ध्या वर्गाला ठाऊक होते. आईचे कुणालाच ठाऊक नव्हते. मोठ्यांसाठी लिहिलेल्या गोष्टीतून गोष्ट काढून टाकली की लहानांच्या हाती काय उरते, ते तिथे कळले.

माझ्या मुलाने मला अडवले होते. "अब्बा, तुम्ही तर खेळलात. मग मला का नाही?"

मी म्हणालो, "मी खेळलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तू चौदाचा आहेस. या खेळाच्या डब्यावर युरोपात अठरा लिहितात, अमेरिकेत सतरा."

"पण त्यातलं कुणी खरं मरत नाही."

"मान्य. तू मात्र खरा आहेस ना? कुणी पाहिलं नाही म्हणजे काही झालंच नाही, याची सवय रोज दोन तास कुणाला लागते? तुलाच ना?"

तो गप्प झाला, पटले म्हणून नव्हे. मग म्हणाला, "वर्गात तर कुणीच अठराचं नाही, सगळे खेळतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते खरेच आहे.

हे खेळ खेळून पोरे खुनी होतात, असे मी म्हणणार नाही. आम्ही चौघे खेळलो, चौघेही नोकरी-धंदा करून संसार करतो आहोत. माझी काळजी लहान आणि रोजची आहे. फुटलेली काच, कॉपीची चिठ्ठी, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे. अशा वेळी मुलाच्या मनात आधी काय येते? 'कुणी पाहिले का?' की 'मी काय केले?' आपल्या घरांत मूल बोलायला लागते तेव्हापासून त्याला सांगतात की दोन्ही खांद्यांवर लिहिणारे बसलेले आहेत. त्या आमालनाम्यावर रंगाच्या गॅरेजचा उपाय चालत नाही. तो पुसला जातो तो तौबेने, आणि ज्याचे नुकसान केले त्याचे देणे फेडून, त्याची माफी मागून.

आमच्या घरी सध्या एवढे ठरले आहे. अठरापर्यंत जीटीए नाही. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल चालेल, तेही इशाच्या आधी आणि बैठकीच्या खोलीत, दार लावून नाही. तो अठरा वर्षांचा झाला की आम्ही दोघे बसून 'माफिया' पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळणार आहोत, एकही संवाद न वगळता. त्याने तारीखसुद्धा कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.