न्हाऊ घालताना एवढे पाहा

शेतकरी बंधूंनो आणि विशेषतः मायबहिणींनो, विषय थोडा लाजेचा आहे, पण आपल्या घरांना नवा नाही. पैदाशीसाठी बोकड घेताना आपण मागून हात घालून दोन्ही गोळ्या चाचपतो. एकच लागली, तर बोकड कितीही धष्टपुष्ट असो, पैदाशीला ठेवत नाही. कारण हा दोष पिलांत उतरू शकतो. गावोगाव मीही हेच सांगत आलो. घरातल्या तान्ह्या मुलाकडे मात्र कोणी असे पाहत नाही.

मुलगा आईच्या उदरात असताना त्याचे वृषण त्याच्या पोटातच तयार होतात. सातव्या महिन्याच्या सुमारास ते जांघेतून खाली पिशवीत उतरू लागतात. पिशवी अंगापेक्षा २ ते ४ अंशांनी थंड असते आणि पुढे बीज तयार व्हायला तोच गारवा लागतो. पुऱ्या दिवसांच्या १०० मुलांत साधारण ३ मुलांचा एक किंवा दोन्ही वृषण जन्मताना उतरलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण बरेच जास्त असते. पुष्कळांचे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात लग्नाला ५ वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही. नवस, उपास, अंगारे सगळे सुनेच्या वाट्याला आले. टोमणे तर रोजचेच. अखेर डॉक्टरांनी मुलाला तपासले. दोन्ही वृषण लहानपणापासून वरच राहिलेले! न्हाऊ घालताना आईला ते जाणवले होते. लाजेपायी ती बोलली नाही. शिक्षा भोगली सुनेने.

म्हणून सांगतो, बाळ कोमट पाण्यात निवांत असताना हलक्या हाताने पाहा. थंडीने गोळी वर सरकते आणि ऊब मिळताच खाली येते; त्याला घाबरू नका. पण ती कधीच लागत नसेल, तर साडेतीन महिन्यांची लस टोचायला न्याल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तेल चोळून किंवा दाबून ती उतरत नाही. सहा महिने झाले तरी खाली आली नाही, तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती दीड वर्षाच्या आत झालेली उत्तम. वृषण वरच राहिला, तर पुढे त्यात कर्करोग होण्याचा धोकाही वाढतो.

आणि सासूबाई, नातवाची ही गोष्ट सुनेने सांगितली, तर तिला गप्प करू नका.