पायाखालची पेटी

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी खुर्च्यांपेक्षा खोकी अधिक असतात, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. कशाला कोणती पेटी, याचे शास्त्र प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्यापुरते ठरविलेले असते. पितळी भांड्यांना लोखंडी ट्रंक, पुस्तकांना लहान खोकी (मोठे खोके पुस्तकांनी भरले की हमाल आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो), गाद्यांना होल्डॉल. परंतु विजेच्या गिटारीच्या पेडलांना कोणती पेटी घ्यावी, या विषयावर आमच्या घराण्यात पूर्वीचा दाखला नव्हता. आणि शिलाँगहून जोधपुरास बदलीचा हुकूम हाती पडल्यापासून महिनाभर आम्ही याच एका प्रकरणावर मनातल्या मनात टिपणे लिहीत आहो.

आम्ही पदवीधर आहो, तिशी ओलांडलेले आहो, आणि केंद्र सरकारचे कारकून आहो. या तिन्ही गोष्टींचा विजेच्या गिटारीशी संबंध नाही हे आम्हांस मान्य आहे. तथापि शिलाँगात चार वर्षे काढलेल्या माणसाने गिटार वाजविली नाही तर तेथील लोकांना तेच चमत्कारिक वाटते. ज्या गावात १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा होतो, तेथे कारकुनाच्या कोपऱ्यात गिटार दिसली म्हणून कोणी भुवई उंचावत नाही.

पेडल म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. गिटार व ध्वनिवर्धक यांच्या दरम्यान जमिनीवर धातूच्या लहान लहान डब्या ठेवलेल्या असतात. पायाने कळ दाबली की एक डबी आवाज खरखरीत करते, दुसरी त्यास प्रतिध्वनी देते, तिसरी त्यावर पाण्यासारखी थरथर आणते. पायाचा आणि संगीताचा हा संबंध आपणांस अगदीच परका नाही. आपल्या संगीत नाटकांना साथ करणाऱ्या ऑर्गनवाल्याचेही दोन्ही पाय कामात असत. गंमत अशी की, 'वाह' या नावाचे जे पेडल १९६७ मध्ये बाजारात आले, ते एका ऑर्गनच्याच कंपनीत जन्मले. त्याचे पहिले प्रारूप ऑर्गनचा आवाज कमीजास्त करावयाच्या पायपट्टीत बसविलेले होते. खरखर उत्पन्न करणारी डबी त्याच्याही आधीची, १९६२ ची. आणि आज जी आटोपशीर चौकोनी डबी जिकडे तिकडे दिसते, तिचा घाट १९७७ मध्ये बॉस या जपानी कंपनीने पाडला. तो अद्याप फारसा बदललेला नाही, आणि पेटी निवडणाऱ्याच्या दृष्टीने हे कंपनीचे मोठेच उपकार आहेत.

आमच्याजवळ अशा पाच डब्या आणि एक वाह. डबीची रुंदी ७.३ सेंटीमीटर, लांबी १२.९. दोन डब्यांच्या मध्ये तारेच्या खुंट्यांसाठी अडीच सेंटीमीटर तरी मोकळे लागतात. पाच डब्या एका ओळीत मांडल्या तर साडेसेहेचाळीस सेंटीमीटर होतात. वाह धरले की हिशेब साठीच्या घरात जातो. वजनाचे म्हणाल तर डबी सुमारे चारशे ग्रॅमची आणि एकटे वाह पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणजे एक वाह नेणे आणि चार डब्या नेणे सारखेच. रेल्वेच्या तिसऱ्या वातानुकूलित वर्गात माणशी ४० किलो सामान नेता येते. विमानात हातातील पिशवीला ७ किलोंची मर्यादा. ट्रकमध्ये घालावयाचे तर गुवाहाटीपर्यंतचा शंभर किलोमीटरांचा घाट आणि त्यापुढे दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट. ट्रकमध्ये घालावयाचे नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरविले.

बाजारात तीन जातींच्या वस्तू मिळतात. पहिली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची उतरती चौकट. ती हलकी असते, पट्ट्यांमधील फटींतून तारा खाली सोडता येतात, आणि मागची ओळ उंच असल्यामुळे पुढच्या डबीला धक्का न लागता पाय पोहोचतो. परंतु तिच्यासोबत मिळते ती कापडी पिशवी. तिच्यावर कोणी सहप्रवासी डबाबंद लोणच्याची बरणी ठेवणार नाही याची हमी काय? दुसरी जात कडक पेटीची : प्लायवूड, कडांना ॲल्युमिनियम, फुलपाखरी कुलपे. हिच्यावर लोणच्याची बरणीच काय, सहप्रवासी स्वतः बसला तरी चालेल. पण रिकामी पेटीच आतल्या मालाहून जड. तिसरी प्लॅस्टिकची, आत डब्यांच्या मापाची खाचे पाडलेला मऊ फोम. दिसावयास ही सर्वांत गोजिरी. परंतु शिलाँगच्या पावसाळ्यात फोम ओल धरतो, आणि ओल धरलेल्या फोमात चार महिने ठेवलेल्या कळा कशा कुरकुरतात, हे ज्याने ऐकले आहे तो त्या गोजिरेपणास भुलणार नाही.

येथपर्यंत सारा विचार वाहून नेण्याचा झाला. वाजविण्याचा प्रश्न निराळा आहे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच.

आमचे एक वरिष्ठ होते. ते उत्तम गात. त्यांचा तंबोरा ज्या पेटीत असे, तसली सागवानी पेटी आम्ही पुन्हा पाहिली नाही. आत मखमल, भोपळ्याला गादी, बाहेर पितळी कड्या. सहा बदल्यांत तंबोऱ्याला चरा गेला नाही, असे ते अभिमानाने सांगत. पण ती पेटी उघडावयास खोलीची जमीन मोकळी लागे, आणि उचलावयास दोन माणसे. म्हणून ती प्रत्येक गावी माळ्यावर जाई आणि पुढच्या हुकुमाबरोबर खाली येई. ते सेवानिवृत्त झाले तेव्हा तंबोरा नव्यासारखा होता. निरोपसमारंभात त्यांना गावयाचा आग्रह झाला, तेव्हा ते हसून म्हणाले, "आता सूर लागत नाही हो." आम्ही त्या वेळी नव्यानेच नोकरीस लागलो होतो. ते हसणे आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

म्हणून आम्ही आमची कसोटी अशी ठरविली : पेटी दाराआडच्या कोपऱ्यातून काढून, झाकण उघडून, एक प्लग भिंतीत घालून, गिटारीचा पहिला सूर किती वेळात निघतो? कचेरीतून आल्यावर चहा आणि मुलाचा अभ्यास यांच्यामध्ये आम्हांस रोज अर्धा तास मिळतो. त्यातील वीस मिनिटे तारा जोडण्यात गेली तर आठवड्याभरात माणूस तो नाद सोडतो. डब्या कायमच्या जोडलेल्याच राहिल्या पाहिजेत, झाकण तेवढे निघाले पाहिजे. विजेचेही तसेच. प्रत्येक डबीला ९ व्होल्ट लागतात. पाच डब्यांना पाच ॲडॅप्टर म्हणजे सरकारी निवासस्थानात अशक्य कोटीतली गोष्ट, कारण तेथील एकुलता एक प्लग बहुधा कपाटामागे असतो. एकाच तारेला पाच फाटे फोडणे स्वस्त पडते. परंतु त्यांत प्रतिध्वनीचे डिजिटल पेडल असले की सगळ्यांत मिळून एक किणकिण शिरते. तेव्हा प्रत्येक डबीला स्वतंत्र वाट देणारा वीजपुरवठा पेटीतच बसविणे आले, आणि त्यासाठी दहाबारा सेंटीमीटर जागा राखून ठेवणे आले.

या सर्व अटी पुऱ्या करणारी पेटी तयार मिळेना. तेव्हा येथील एका सुताराकडून करवून घेतली. आतून ४५ बाय ३१, पातळ प्लायवूड, झाकण बिजागरीवरून सरकवून वेगळे होणारे. डब्या पेटीच्या तळाशी बसविण्यास सर्वत्र वेल्क्रो वापरतात. आघाड्याचे तुरे जसे धोतराला चिकटतात तसाच हा प्रकार; त्याच्या स्विस जनकालाही ही कल्पना अशाच चिकट बियांवरून सुचली. पण वेल्क्रोमागचा गोंद उन्हात पाझरतो, आणि जोधपूरचे ऊन म्हणजे काय ते सांगावयास नको. आमच्या कचेरीतील खासी सहकाऱ्यांनी निराळी युक्ती सांगितली. त्यांना आम्ही सारे 'बाह' म्हणतो. आदराचे ते तिकडील संबोधन. सायकलच्या जुन्या साखळीच्या कड्या सुट्या करावयाच्या, कडीचे एक भोक डबीच्या तळाच्या स्क्रूखाली, दुसरे लाकडात. दहा कड्यांना काही पडले नाही. सायकलवाल्याने साखळी फुकट दिली.

राहता राहिले वाह. दोन ओळींत तीन-तीन घरे. पाच घरांत पाच डब्या, आणि सहाव्या घरात वाह मावत नाही. बाहंनी ते आपल्याकडे ठेवून घ्यावे असे आम्ही सुचविले. ते म्हणाले, "ठेवतो, पण घेत नाही." मग त्यांनी पेटीतील रिकाम्या घराकडे पाहिले आणि तेथे काय बसविणार म्हणून विचारले. अजून काही ठरले नाही, असे आम्ही सांगितले. "मग तसेच असू द्या," बाह म्हणाले. "राजस्थानात कसले आवाज आहेत ते आधी ऐका."

हे संभाषण आम्ही घरी सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी सर्व ऐकून घेतले, फूटपट्टी आणून त्या घराचे माप घेतले आणि म्हणाल्या, "अहो, यात आपला सोऱ्या बसतो की!" आमच्या आजीचा पितळी सोऱ्या, मागील बदलीत ट्रकमध्ये ज्याचा दांडा वाकला होता तो. तो जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळून प्रतिध्वनीच्या डबीशेजारी आडवा ठेवण्यात आला आहे. चकल्यांच्या ताटल्या झाकणाच्या खिशात आहेत. पेटीचे एकूण वजन साडेपाच किलो भरले.