गुहागरची सुकती

शुक्रवार. दाभोळ ते गुहागर

दुपारी दाभोळच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवली आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. मुक्काम गुहागरात, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घरी. ओसरीवर यजमानांची नात सागरगोटे खेळत होती. आमच्या लेकीच्याच वयाची. सामान उतरवून होईपर्यंत दोघींचा डाव रंगात आला होता.

शनिवार. गुहागर

आज संकष्टी. समुद्रावर किती वाजता जावं, असं विचारलं, तर आजोबांनी तिथीवरूनच सांगितलं. "तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नवाच्या आसपास पुरती सुकती." भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा हिशेब बसतो. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, आणि तिथून पुढे मोजत जायचं. पाऊणकी पाठ असलेली ही बहुधा शेवटची पिढी. लेकीने ते लगेच वहीत लिहून घेतलं.

सुरूचं बन ओलांडून खाली उतरलो, तर पाणी लांब गेलेलं आणि ओली वाळू चकाकत पडलेली. त्या वाळूवर जिकडेतिकडे बारीक गोळ्या होत्या, मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मधोमध एक बीळ आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या रांगा. लेक पुढे धावली तसं सगळं ओसाड झालं. मैत्रिणीने तिला हाताला धरून खाली बसवलं. "हलू नको गं. आपण दगड झालो की ती येतात."

दोघी उकिडव्या बसल्या. बऱ्याच वेळाने एका बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, मग दुसरा, मग सगळी वाळूच जागी झाली. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी न्यायची, तिच्यावरचं खाण्यासारखं तेवढं गाळून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. पाणी परत यायच्या आत पोट भरायचं म्हणून सगळी घाई. घरी पाच मिनिटं एका जागी न टिकणारी आमची मुलगी पायाला मुंग्या येईस्तोवर तशी बसली होती. हे तिच्याकडून मी करून घेऊ शकले नसते. मैत्रिणीने एका वाक्यात घेतलं.

मग शिंपल्यांची लगोरी झाली, खंदक खणून झाला, घोट्याएवढ्या पाण्यात पळापळी झाली. त्याहून पुढे नाही, कारण सुकतीचं पाणी आत ओढतं, असं आजोबांनी निघतानाच बजावलं होतं. आम्ही दोघं नजर ठेवून होतो, पण खेळात लुडबुड केली नाही. सुट्टीतसुद्धा आपण मुलांना एकामागून एक काहीतरी दाखवत सुटतो. आज दाखवणारी तिच्याच उंचीची होती, आणि दाखवून झाल्यावर "काय शिकलीस?" असं तिने विचारलं नाही.

घरी आल्यावर आजींनी त्यांच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी आम्हालाही वाढली. दोघींनी दोनदा मागून घेतली.

रात्री लेक वही घेऊन आली. "आई, उद्या पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. मग सुकती पावणेदहाला. आपण वेळणेश्वरला अकरानंतर निघू या ना?" बाबांनी सकाळी आठला निघायचं ठरवलं होतं. आता जेवूनच निघतोय.