औशापासून अर्ध्या तासात

औशाहून लातूर वीसेक किलोमीटर. नकाशावर औशाभोवती वर्तुळ काढलं, की त्या रेषेवरची सगळी गावं सारखीच जवळ वाटतात. पण रुग्णवाहिकेला रस्ता लागतो, पूल लागतो.

रस्त्याने किती मिनिटांत कुठवर पोचता येईल, हा हिशेब पोस्टजीआयएस आणि पीजीराउटिंग ही डेटाबेसला नकाशा आणि मार्गशोध जोडणारी साधनं डेटाबेसमध्येच मांडतात. ओपनस्ट्रीटमॅपवरचे रस्ते चौकाचौकांत तोडायचे, प्रत्येक तुकड्याची लांबी वेगाने भागून मिनिटं काढायची. मग आरंभबिंदू आणि ३० मिनिटांची मर्यादा दिली, की सर्वांत कमी वेळाचा मार्ग शोधणाऱ्या डायक्स्ट्राच्या १९५९ च्या रीतीने गाठता येणारे सगळे चौक हाती येतात. त्यांना कवेत घेणारी सीमारेषा ओढली, की क्षेत्र तयार. ते गोल नसतंच: तुळजापूर रस्त्याकडे लांब सुळका, आडवळणी शिवाराकडे खोल खाच.

खरी कसोटी वेगाची. महामार्गाला ताशी ६० किलोमीटर धरले तर चालेल. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या पाणंदीला २० सुद्धा जास्तच. हा आकडा गावातल्या जीपवाल्याला विचारूनच भरावा.

औसा तालुक्यातल्याच किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि पुढे कित्येक गावं नव्या जागी वसली. तिथे जुन्या गावठाणाचा बिंदू धरला, तर क्वेरी बिनतक्रार चालते आणि मिनिटं मात्र ओसाड जागेची मोजते.